एरंडेलाचा वस्ताद

दाजी, काल तुमची शोकसभा झाली. जिंतूर रोडवरच्या गॅरेजवाल्यांनी तुमचा फोटो खुर्चीवर ठेवला, झेंडूचा हार घातला आणि एकामागून एक उठून असं काही गोड बोलले की फोटोतला माणूस नेमका कोण, असा मला प्रश्न पडला. 'शॉकपचा डॉक्टर' म्हणाले तुम्हाला. एकजण म्हणाला, वस्तादांचा हात लागला की खटारा गाडी पाळण्यासारखी चालायची. हाच गृहस्थ मागच्या महिन्यापर्यंत तुम्हाला पाठीमागं 'एरंडेल' म्हणत होता. आपल्या लोकांना माणूस मेल्याशिवाय चांगला दिसत नाही, आणि मेल्यावर त्याच्यात वाईट काही शोधून सापडत नाही.

मलाही बोलायला लावलं. मेहुणा आणि भागीदार, दोन्ही नात्यांनी. मी उठलो, "दाजींनी मला काम शिकवलं" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, कंठ दाटून आला. कंठ कुठला दाटतोय! राग आला होता. तुमचा, त्यांचा, आणि सगळ्यात जास्त माझा. तो तिथं काढता आला नाही म्हणून इथं लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं लिहिताना भीड बाळगायचं कारण नाही.

पहिल्यापासूनच सांगतो, तुमच्याबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. मी आयटीआय करून आलो तेव्हा अक्का म्हणाली, "मधू, तुझ्या दाजीसंगं बस दुकानात. उगं गावाकडं ढोरामागं फिरू नगंस." आईवडील गेल्यापासून मला ती आणि तिला मी, एवढंच आमचं घराणं. तिचा शब्द मोडवेना म्हणून मी परभणीला आलो. येताना सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं. तुम्ही ते कौतुकानं भिंतीवर लावलंत आणि दुसऱ्याच दिवशी त्याच खिळ्याला सायकलची ट्यूब अडकवलीत.

मोटरसायकलला धक्के खाणारी चार नळकांडी असतात, दोन पुढं चिमट्यात, दोन मागं सीटखाली. त्यांनाच आपण शॉकप म्हणतो. मागच्यांना खाचा असतात. फिरवलं की स्प्रिंग कडक किंवा नरम होते. पुढच्यांत तेल असतं. किती आणि कसलं, ते कंपनीच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक मी औरंगाबादहून मुद्दाम मागवलं होतं. तुम्ही त्यावर चहाची बशी ठेवायचात.

गिऱ्हाईक आलं की तुम्ही आधी गाडीकडं बघायचंच नाही. पहिला सवाल ठरलेला, "संगं काय काय असतं?" तो म्हणणार, "काय न्हाई वस्ताद, मी एकलाच." त्यावर तुम्ही, "मंग घरी जा, आन् जे जे गाडीवर नेतूस ते सगळं घिऊन ये." आणि खरंच परत पाठवायचात! तासाभरानं तो उगवायचा तेव्हा टाकीवर एक लेकरू, मागं बायको, तिच्या मांडीवर दुसरं लेकरू, दोन्ही अंगाला दुधाच्या कॅना आणि बायकोच्या हातात पेंडीची पिशवी. एकटा जाणारा माणूस हा! त्या अख्ख्या लटांबराला गाडीवर बसवून तुम्ही रस्त्यात उकिडवे बसायचात आणि मागचा शॉकप किती दबला ते बोटांनी मोजायचात. दोन बोटं दबला तर बरोबर. तीन दबला तर एक खाच पुढं. चार दबला तर "स्प्रिंग मेली, सुतक धर". येणारेजाणारे उभे राहून हसायचे, ती बाई बिचारी पदर तोंडावर ओढून घ्यायची. मला शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. मी स्टीलची पट्टी घेऊन मागं उभा असायचो आणि तुम्ही हात धुवायला गेलात की गुपचूप मोजायचो. तुमची दोन बोटं आणि पुस्तकातले मिलिमीटर दरवेळी जुळायचे. त्याचा राग वेगळाच.

सेलूचा तो अडत्या आठवतो? कापसाच्या गाठीएवढा माणूस. त्याची तक्रार अशी की गाडी खड्ड्यातून निघाली की मागून उचलून फेकते. तुम्ही पोखर्णीला शेताकडं गेला होतात, म्हणून गाडी माझ्या हाती आली. मी तीन दिवस घेतले. खाचा बदलल्या, बुश बदलले, एका बाजूचा शॉकप अख्खा नवा टाकला. गाडी फेकायची थांबेना. तुम्ही आलात, अंगावरची पेंड झटकलीत, मागच्या टायरवर अंगठा दाबलात आणि म्हणालात, "शेठ, टायरात हवा भरलीव का गोटे?" जाड माणसाला जादा हवा लागते, असं त्याला कुणी पंपवाल्यानं सांगितलं होतं म्हणे. तुम्ही फुस्स करून हवा सोडलीत आणि अडत्या हसत गेला. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "आधी हवा बघावं बाबा, मंग मेकॅनिक व्हावं." हे तुम्ही चार लोकांत बोललात. त्यानंतर तीन महिने मी तुमचा मनोमन तिरस्कार केला. आणि त्या दिवसापासून आजपर्यंत, कुठलीही गाडी आली तरी माझा अंगठा आधी टायरावर जातो.

पण मागच्या शॉकपांचं एक सोडा. पुढच्यात तुम्ही जे करायचात त्याला माझ्याकडं माफी नव्हती. कंपनीचं ऑइल बाजारात मिळत असताना तुम्ही शॉकपात एरंडेल भरायचात! तुमच्या शेताच्या बांधावर एरंडी होती. अक्का बिया भाजून, कुटून, उकळून तेल काढायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळायची आणि तुम्ही ते काचेच्या बाटलीत भरून देवासारखं फळीवर मांडायचात. विचारलं की उत्तर तयार, "कंपनीचं तेल आपल्या उन्हाळ्यात ताकावानी व्हतंय. तीन माणसं बसली की पुढचं चाक दणादणा आदळतंय." आणि थंडीत? पुसाच्या महिन्यात तुमचं एरंडेल असं घट्ट व्हायचं की सकाळी ऊन लागेपर्यंत पुढचा शॉकप हलायचा नाही. गिऱ्हाइकं गाडी उन्हात उभी करून शेकायची. मी म्हणालो होतो, "दाजी, हे शॉकप आहे, बद्धकोष्ठ नाही." तुम्ही हसलात, राग धरला नाहीत. तुम्हाला राग धरता येत नाही, हा तुमच्यातला कमकुवतपणा आहे, असं मी तेव्हा समजायचो.

तुमची आणखी एक तऱ्हा होती, आणि पुढचं सगळं त्या तऱ्हेवरूनच घडलं. तेल भरलं की तुम्ही वरची टोपणं लावायचाच नाहीत. दोन्ही नळ्यांवर फडकं टाकून गाडी तशीच दिवसभर ठेवायचात. का, तर "बुडबुडं वर येऊ दे." मग कडब्याची एक काडी आत घालून तेल कुठवर आलं ते बघायचात, टोपणं आवळायचात, आणि हँडल धरून डोळे मिटून तीनदा दाबायचात. जणू गाडी तुमच्या कानात काही सांगणार आहे. मी ही सगळी नाटकं म्हणायचो. काडीला तर मी हातही लावत नव्हतो.

आता त्या भांडणाचं. सहा वर्षांपूर्वीचं. आपल्याकडं विद्यापीठाच्या नावावरून दहा वर्षं डोकी भडकलेली होती. एसट्यांवर दगड, बंद, मोर्चे. एके दिवशी सहा-सात पोरं चार मोटरसायकली घेऊन दुकानापुढं थांबली. औरंगाबादला मोर्च्याला निघाली होती, गाड्या डबलसीट, रस्ता खराब. नाव बदला म्हणणारी पोरं. मी नाव बदलू नका म्हणणाऱ्यांतला. हे सांगायला आज मला लाज वाटते, पण होतो, आणि मोठ्या तोऱ्यात होतो. मी पाना खाली ठेवला आणि हाताची घडी घालून बसलो. तुम्ही चारही गाड्यांच्या खाचा एकट्यानं लावून दिल्यात, बोटं मोजून, नेहमीसारख्या. मी त्या पोरांदेखत तुम्हाला जे बोललो ते इथं लिहिणार नाही. त्यातलं निम्मं तुम्हाला नव्हतंच, त्या पोरांना होतं, आणि ते त्यांना कळलंही. त्यांनी खाली माना घातल्या नाहीत, माझ्याकडं बघत राहिले. ती गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "मधू, नाव दिल्यानं तुझ्या पान्याचा नंबर बदलणार हाय का रं?" मी पाना उचलून दुसऱ्या गाडीकडं वळलो. त्या क्षणापासून तुमच्याशी बोलणं टाकलं.

एका दुकानात दोन माणसं आणि अबोला! आज आठवलं तरी स्वतःची कीव येते. दुपारी अक्का भाकरी घेऊन आली की तिच्यामार्फत कारभार चालायचा. "अक्का, त्यांना सांग, बारा नंबरचा पाना इकडं सरकवा." तुम्ही हातभर अंतरावर बसलेले. ती कपाळावर हात मारून घ्यायची, "बेजार केलं बाई तुमी दोघांनी." पण निरोप पोचवायची. असे अकरा दिवस गेले.

त्यातच जावईबापूंची गाडी आली. तुमच्या लेकीचं, शोभाचं, लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. जावई येलदरीच्या वीजघरात नोकरीला, डोळ्यावर काळा चष्मा, बोलणं कमी आणि ऐट जास्त. मला तो कधी आवडला नाही. पण शोभा तुमचा जीव होती. लहानपणी ती दुकानात येऊन बसायची आणि तुमच्यासारखे डोळे मिटून गाडीचं हँडल दाबायची. जावयाच्या गाडीचे पुढचे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गळत होते. सील बदलून तेल भरायचं, एवढंच काम. तुम्ही ते माझ्याकडं दिलं नाहीत. पोरीच्या घरची गाडी, स्वतःच घेऊन बसलात.

शनिवारी सकाळी तुम्ही आणि अक्का पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलात, दर शनिवारसारखे. जावई संध्याकाळी येणार होता, तो दुपारीच हजर. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "मामा, गाडी झाली असंल तर द्या, ड्यूटी हाय." गाडी उभी होती. टोपणं काढलेली, नळ्यांवर फडकं. माझी कंपनीच्या ऑइलची बाटली फळीवर सीलबंद, मापाचा डबा कोरडा. मी म्हटलं, म्हातारा जुनं तेल काढून देवाला पळाला, नवं भरायचं विसरला. विचारायला अक्का नव्हती. ती असती तरी मी विचारलं असतं का, कोण जाणे. फडक्याखाली दिवसभर उघड्या नळ्या म्हणजे तुम्ही तेल भरलेलं आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आठ वर्षं रोज बघत होतो. पण तुमची ती तऱ्हा मी इतकी तुच्छ मानायचो की ती लक्षात धरणंही मला कमीपणाचं वाटायचं. कडब्याची काडी तिथंच सीटवर पडलेली होती. आत घालायची, एवढंच होतं. मी पुस्तकाबरहुकूम मापून दोन्हीकडं तेल भरलं, टोपणं आवळली, हँडल दाबलं. दगडासारखं कडक लागलं. मला वाटलं, नवे सील आहेत. जावयाला म्हणालो, "जरा कडक वाटतीय, चालून चालून नरम पडंल."

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. शॉकपात तेलाच्या वर थोडी हवा लागते, तिच्या जिवावर नळी खाली जाते. तेल दुप्पट झालं की हवेला जागा उरत नाही. मोठा खड्डा आला की नळी खाली जाऊ शकत नाही आणि सगळा दाब सीलवर येतो. जिंतूरच्या पुढं कुठंतरी दोन्ही सील फुटले. तेल नळीवरून ओघळत पुढच्या चाकात, ब्रेकच्या ड्रममध्ये गेलं. मग उतार, वळण, आणि ब्रेक दाबला तर लागलाच नाही. जावई पुलाच्या कठड्याला धडकला. जीव वाचला. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात शोभा उभी होती. सासरा बाजूला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की पुढचं चाक तेलानं माखलेलं होतं, आणि तुमच्या एरंडेलाची कीर्ती येलदरीपर्यंत गेलेली होतीच. शोभानं तुम्हाला विचारलं, "बाबा, पुढचं तेल तुमीच भरलं व्हतं का?" तुम्ही म्हणालात, "व्हय, म्याच भरलं." तेव्हा ते खरंच होतं, तुम्हाला दुसरं काही ठाऊक नव्हतं. सासरा ओरडला, "एरंडेल घालून पोराला लंगडं केलं माझ्या!" शोभा तुमच्याकडं बघत राहिली आणि मग वळून आत गेली. मी खांबाला टेकून उभा होतो. अजूनही स्वतःला समजावत होतो की चूक एरंडेलाचीच असणार.

दोन दिवसांनी गाडी टेम्पोत घालून आणली. तुम्ही एकट्यानं पुढचा चिमटा उतरवलात, उरलेलं तेल एका काचेच्या बाटलीत ओतलंत आणि बाटली चौकटीवर ठेवून दिलीत. सील फुटूनही पुस्तकातल्या मापापेक्षा जास्त तेल निघालं. दुपारपर्यंत ते निवळलं. खाली पिवळट, दाट. वर लालसर, पातळ. मधे सरळ रेघ. खालचं तुमचं, वरचं माझं. एरंडेल आणि कंपनीचं ऑइल एकमेकांत मिसळत नाहीत, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.

तुम्ही बाटलीकडं बघितलंत, मग माझ्याकडं. तुम्ही मला मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "मधू, हे आपल्या दोघांतच ऱ्हाऊ दे. माझ्यावर पोरगी रुसंल, वरीसभर रुसंल, मंग येईल. बापावर किती दिवस रुसती? पण मामावर रुसली, तिच्या सासरच्यांनी तुझं नाव धरलं, तर तुझ्या अक्कानं कुठं जायचं? तिचं माहेर म्हंजे तू एकलाच हायस."

अकरा दिवसांनंतर तुम्ही माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. आणि मी काय केलं? "नाही दाजी, मी सांगतो शोभाला," असं म्हणालो? नाही. तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात बाटली उचलली आणि मागच्या नालीत ओतली. बाटली घासून धुतली सुद्धा.

काल सभेत अध्यक्ष म्हणाले, "वस्ताद आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत." एकदा बोलले, अध्यक्ष महाराज, खरं कळल्यावरही 'म्याच भरलं' हे शब्द त्यांनी मागं घेतले नाहीत. त्या एका खोट्यावर मी सहा वर्षं दुकान चालवलं.

चालवलं म्हणजे नुसतं चालवलं नाही, मिरवलं. तुम्ही त्या दिवसापासून पुढच्या शॉकपाला हात लावला नाहीत. लोक म्हणाले, हाय खाल्ली. मी मान डोलावली. महिनाभरात मी रंगाऱ्याकडून पाटी लिहून घेतली, 'येथे फक्त कंपनीचे ऑइल वापरले जाते.' तुम्ही खाली बसून वर बघत होतात. म्हणालात, "अक्षर लय झ्याक हाय. काय लिवलंय रं?" आणि मी वाचून दाखवलं, दाजी. मोठ्यानं. गिऱ्हाइकांदेखत. तुम्ही "बरं हाय" म्हणालात आणि मागची खाच फिरवायला लागलात.

माझ्या नीचपणाला मर्यादा असायला हवी होती, पण तुम्ही कधी घालूनच दिली नाहीत. कुणी गिऱ्हाइकानं 'काय वस्ताद, एरंडेल घेता का?' म्हणून चेष्टा केली की मी सगळ्यांत आधी हसायचो. हळूहळू मलाच ते खरं वाटायला लागलं. मी स्वतःला पटवलं की दुप्पट तेल भरलं तरी सील फुटलेच नसते, एरंडेल घट्ट होतं म्हणून फुटले. मग तुमचा तिरस्कार करायला मोकळा झालो. माणसाला स्वतःच्या चुकीपेक्षा ती पोटात घालणाऱ्याचा जास्त राग येतो. मला तो रोज यायचा, सकाळी शटर उघडताना तुमचा चेहरा बघितला की यायचा.

आणि हेही सांगून टाकतो. उन्हाळ्यात कंपनीचं ऑइल खरंच ताकासारखं होतं. तीन माणसं बसली की पुढचं चाक आदळतं. गेली पाच वर्षं मार्च लागला की मी गुपचूप दाट इंजिन ऑइल भरतो आहे, पाटीखाली बसून. तुम्हाला माहीत होतं. वासावरून तुम्हाला कळलं नसेल असं होणार नाही. एकदाही बोलला नाहीत.

शोभा वरीसभरानं आली नाही. तुमचा हिशेब तिथं चुकला. चार वर्षं तिनं माहेरचा उंबरा ओलांडला नाही. अक्काच येलदरीला जाऊन भेटून यायची, तुम्ही एसटी स्टँडपर्यंत सोडायला जायचात आणि संध्याकाळी पुन्हा तिथंच जाऊन थांबायचात. अक्का उतरली की पहिला प्रश्न, "काय म्हणली?" अक्का काहीतरी रचून सांगायची. मला येणारी तिची पत्रं मी तुम्हाला दाखवली नाहीत, कारण त्यात 'मामा, तुमी हायत म्हणून माझं माहेर हाय' असं लिहिलेलं असायचं.

मग ती यायला लागली, लेकराला घेऊन. पण तुमच्याशी थेट बोलायची नाही. "आजोबाला म्हण, जेवायला या." "आजोबाला म्हण, सरकून बसा." जावई सोबत असला तर तुमच्यासमोरून जाताना पाय जरा जास्तच ओढायचा. दुखणं खरं होतं, पण तुम्हाला बघितलं की ते वाढायचं. मी ओसरीवर बसून चहा पीत हे सगळं बघायचो. मला ती वाकून नमस्कार करायची.

यंदा संक्रांतीला सगळे एकत्र होते. त्याच दिवशी विद्यापीठाच्या नावाची बातमी आली. तुम्ही रेडिओ बंद केलात आणि गालातल्या गालात हसून म्हणालात, "झालं बाबा एकदाचं. मधू, पाना बघ बरं, नंबर बदललाय का?" मी म्हणालो, "न्हाई दाजी, तोच हाय." दोघंही हसलो. सहा वर्षांत तेवढंच. मग शोभा तिळगुळाचं ताट घेऊन आली. तिनं माझ्या हातावर ठेवला, पाया पडली. अक्काच्या हातावर ठेवला. तुम्ही हात पुढं केला होतात. तिनं तुमच्या वाटणीचा तिळगूळ अक्काच्या हातात दिला आणि आत गेली. तुमचा हात जरा वेळ तसाच राहिला. मग तुम्ही तोच हात डोक्यावरून फिरवलात, जणू त्यासाठीच वर केला होता.

मी तेव्हा उठायला हवं होतं. सगळे घरात होते. चार शब्दांचं काम होतं. मी तिळगूळ तोंडात टाकला. त्यानंतर पुरता महिनाही झाला नाही आणि तुम्ही गेलात.

काल सभेत शोभा बायकांच्या रांगेत बसली होती. अध्यक्षांचं ते 'कधी खोटं बोलले नाहीत' ऐकून ती उठली आणि बाहेर निघून गेली. बापाच्या शोकसभेत मुलीला बापाची स्तुती ऐकवेना. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही मला काय दिलं होतंत आणि ते कुणाच्या ताटातून काढून दिलं होतंत. मला तुमची आठवण येते दाजी. तिरस्कार करायला सुद्धा आता समोर कुणी नाही. सकाळी शटर वर केलं की नजर अजून तुमच्या जागेकडं जाते.

आज सकाळी तिला सगळं सांगितलं. ती येलदरीला परत निघाली होती, जावई रिक्षा आणायला गेला होता. मी अबोल्यापासून बाटलीपर्यंत सगळं सांगितलं, पाटीचं सुद्धा. मला वाटलं होतं ती ओरडेल, शिव्या देईल, आणि मला जरा बरं वाटेल. तिनं एवढंच विचारलं, "बाबांला मालूम व्हतं?"

"व्हय. गाडी उघडली त्याच दिवशी."

"आन् आईला?"

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा बघून शोभाला उत्तर मिळालं, तीही हे आत्ताच ऐकत होती. अक्का आत गेली, गॅसवरचा चहा गाळला. एक कप शोभाला दिला, एक स्वतः घेतला आणि भिंतीला टेकून खाली बसली. मला विचारलं नाही. आजवर अक्कानं मला सोडून चहा घेतला, असं कधी झालं नव्हतं. तुम्ही ज्याच्यासाठी सहा वर्षं तोंड शिवून बसलात ते माहेर मी सकाळच्या पाच मिनिटांत मोडलं.

बाहेर रिक्षाचा आवाज आला. शोभानं लेकराच्या पायात चप्पल घातली, पिशवी उचलली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणाली, "मामा, बाबा जिते व्हते तवर तुमी गप ऱ्हायलाव. आता सांगायलाव. आता मी माफी कुणाला मागू?"